आधी तेलपाणी, मग हळदकुंकू

मुलांनो, नवरात्र तोंडावर आलं आहे. थोड्याच दिवसांत खंडेनवमी, आणि तिच्या पाठोपाठ दसरा. आपल्या पिंपरी-चिंचवडला, भोसरीला आणि चाकणकडे दसऱ्याची गंमत जरा वेगळीच असते. गावाकडे नांगर, विळा, कोयता धुऊन पुजतात, तशी इथे यंत्रांची पूजा होते. लेथला झेंडूची माळ, प्रेसला हळदकुंकू! तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आईबाबा त्या दिवशी कंपनीतून पेढे घेऊन येतात. घरीसुद्धा सायकल, स्कूटर, शिवणयंत्र, झालंच तर तुमची कंपासपेटी पाटावर येऊन बसते.

पण एक यंत्र असं आहे, की त्याला सहसा माळ मिळत नाही. पावसाळाभर ते राबराब राबतं आणि दसऱ्याला जिन्याखालच्या अंधारात पडून राहतं. ओळखा पाहू! हो, गवत कापायचं यंत्र. सोसायटीच्या, शाळेच्या किंवा कंपनीच्या हिरवळीवर माळीमामा खर्र खर्र करत ढकलतात ना, तेच. कोणी त्याला लॉनमोअर म्हणतं. आमचे माळीमामा नुसतं 'मशीन' म्हणतात. आज त्याची आणि त्या हिरवळीची गोष्ट सांगते.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या शाळेपुढची हिरवळ कापली. तुकडा लहानसाच आहे, दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. कापल्यावर दोनच दिवसांत त्याच्यावर पिवळट-तपकिरी झाक आली. मुलं धावत आली, "बाई, बाई, गवताला रोग झालाय!" मी म्हटलं, चला, भिंग घेऊन बघू या. आणि काय दिसलं? एकेका पात्याचं टोक फाटून त्याच्या दशा झाल्या होत्या, दातांनी तोडलेल्या दोऱ्यासारख्या. रोगबीग काही नव्हता. मशीनचं पातं बोथट झालं होतं. ते गवत कापत नव्हतं, ओरबाडत होतं. फाटलेल्या जागेतून पाणी जास्त उडून जातं, टोक वाळतं, आणि लांबून बघणाऱ्याला सगळी हिरवळच आजारी वाटते.

म्हणजे दुखणं यंत्राचं आणि चेहरा उतरला गवताचा!

हे गवत कोण?

आपल्याकडच्या बऱ्याच हिरवळींवर जे गवत असतं, ते तुमच्या ओळखीचं आहे. त्याचं नाव हरळी. आणि हरळी म्हणजेच दूर्वा! चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींच्या समाधीमंदिरात तुम्ही गेला असाल. तिथे गणपतीला वाहायला आपण ज्या एकवीस दूर्वांची जुडी घेतो, त्या याच गवताच्या. तुमच्या आजोबांची गावाकडे शेती असेल, तर त्यांना मात्र हरळीचं नाव काढलेलंही आवडणार नाही. शेतात एकदा हरळी शिरली की खुरपून खुरपून कंबर मोडते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा गावाहून आले होते. आमची हिरवळ बघून ते पोट धरून हसले. म्हणाले, "आम्ही जन्मभर जिला उपटली, तिला तुम्ही खत घालून वाढवता होय?"

हरळी इतकी चिवट का? तिचं खोड दोन वाटांनी पळतं. एक वाट जमिनीवरून, दुसरी जमिनीखालून. प्रत्येक पेराला मुळं फुटतात, नवा कोंब फुटतो. म्हणून हरळी लावताना बी पेरलंच पाहिजे असं नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरं असलेले तुकडे ओल्या मातीत हातभर नाही, वीतभरसुद्धा नाही, चार-चार बोटांवर टोचत गेलं तरी हिरवळ धरते.

आणखी एक गंमत. झाडाची फांदी शेंड्याकडे वाढते. शेंडा खुडला की त्या फांदीची वाढ तिथे थांबते. पण गवताचं पातं वाढतं ते बुडाकडून. म्हणूनच गाईने वरचं खाल्लं तरी ते पुन्हा वर येतं, आणि यंत्राने कापलं तरी वर येतं. गवताचा कारखाना तळमजल्यावर आहे, असं समजा. फक्त यंत्र त्या तळमजल्यापर्यंत पोचता कामा नये.

अपूर्णांक इथे उपयोगी पडतो

मग किती कापायचं? नियम सोपा आहे. एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापायचा नाही. समजा, तुम्हाला हिरवळ ३ सेंटिमीटर ठेवायची आहे. मग गवत किती वाढलं की कापाल? करा गणित. ४.५ सेंटिमीटर झालं की कापायचं. त्याचा तिसरा भाग म्हणजे १.५ सेंटिमीटर गेला की उरतात बरोबर ३. शाबास!

जास्त कापलं तर काय बिघडतं? पातं म्हणजे गवताचं स्वयंपाकघर. उन्हात अन्न तिथेच तयार होतं. ते सगळं एकदम कापलं की मुळांची उपासमार होते. गवत विरळ होतं आणि मोकळ्या जागेत तण घुसतं.

पावसाळ्यात हरळी भराभर वाढते, तेव्हा आठवड्याला एकदा तरी कापावं लागतं. पण गवत ओलं असताना कापू नये. ओलं गवत पात्याखाली आडवं पडतं, नीट कापलं जात नाही, आणि त्याचे बोळे होऊन यंत्रात अडकतात. दिवसभर उघडीप मिळाली, गवत वाळलं की कापावं. कापलेले बारीक तुकडे तिथेच राहू द्यावेत. ते कुजून त्यांचंच खत होतं. लांबलचक किंवा ओले बोळे मात्र उचलून खताच्या खड्ड्यात टाकावेत, नाहीतर त्यांच्याखालचं गवत गुदमरतं.

गिरणीतून आलेलं यंत्र

आता यंत्राकडे वळू. दोनशे वर्षांपूर्वी असं यंत्रच नव्हतं. इंग्लंडमधल्या मोठमोठ्या वाड्यांपुढची हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने कापत. त्यासाठी माणसं भल्या पहाटे कामाला लागत, कारण दंवाने ओलसर असलेलं गवत त्या विळ्याने चांगलं कापलं जायचं. नाहीतर मेंढ्या सोडायच्या!

तिथल्या स्ट्राउड नावाच्या गावाजवळ एडविन बडिंग नावाचा कारागीर राहत होता. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापड विणून झालं की त्याच्यावर लव राहायची. ती सारखी करायला गिरणीत फिरत्या पात्यांचं एक यंत्र असे. ते बघून बडिंगला सुचलं, की कापडावरची लव कापता येते, तर जमिनीवरची का नाही? ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याने आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. लंडनच्या रीजंट पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाने सुरुवातीच्या काळातच ते यंत्र वापरायला घेतलं होतं. बघा, एका कामगाराने आपल्या रोजच्या यंत्राकडे नीट पाहिलं, म्हणून हे घडलं. आपल्या भागात तर घरोघर असे नीट बघणारे लोक आहेत!

आमच्या शाळेचं यंत्र त्याच बडिंगच्या घराण्यातलं. एका रुळावर वळणदार पाती बसवलेली असतात आणि खाली एक सरळ पातं घट्ट बसवलेलं असतं. चाक फिरलं की दातेरी चक्रांमुळे वरची पाती गरागरा फिरतात. गवत वरच्या आणि खालच्या पात्यांमध्ये सापडतं आणि कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं. दुसऱ्या जातीचं यंत्र विजेवर किंवा पेट्रोलवर चालतं. त्यात पोटाखाली एकच आडवं पातं पंख्यासारखं फिरतं. त्याचा वेग किती, सांगू? ४५ सेंटिमीटर लांबीचं पातं मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याचं टोक ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने जातं. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींनाही सपाट रस्त्याला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे! त्या पात्याने उडवलेला खडा म्हणजे गोफणीतून सुटलेला दगडच.

त्या दिवशी काय झालं

आता जे सांगणार आहे, ते सांगायला मला जड जातं. पण सांगते.

पात्याला धार लावून आणल्यावर माळीमामा पुन्हा हिरवळ कापत होते. थोड्या वेळापूर्वीच एक सर येऊन गेली होती, गवत ओलं होतं. खरं म्हणजे थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी शाळेत पाहुणे येणार होते, म्हणून मीच घाई केली. व्हायचं तेच झालं. गवताचा बोळा अडकून मशीन रुतलं. मामा खराटा आणायला वळले. मशीन उभं होतं, आवाज नव्हता. मी शेजारी उभ्या असलेल्या माझ्या वर्गातल्या एका मुलाला म्हटलं, "काढ रे ते गवत पटकन."

तो लगेच खाली बसला आणि त्याने दोन बोटं पात्यांच्या मध्ये घातली.

"हात काढ!" मामा एवढ्या मोठ्याने ओरडले, की तो दचकून मागेच पडला. त्याच क्षणी दांड्याला टेकून उभ्या असलेल्या दुसऱ्या एका मुलाचा भार पुढे गेला. चाक वीतभर सरकलं. खट्ट असा आवाज झाला आणि तो बोळा मधोमध कापला गेला.

बोट वाचलं. पण मला किती तरी वेळ बोलताच येईना.

मामा त्या मुलाला रागावले नाहीत. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाई, मशीन बंद आहे असं तुम्हाला वाटलं. पण ह्याला बटण कुठंय? चाक हललं की पातं हललं." मग त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. मामा पूर्वी एका कारखान्यात प्रेसवर काम करायचे. त्यांच्या दोन बोटांची वरची पेरं नाहीत. रोज त्यांना बघत होते मी, पण ते मला कधी दिसलंच नव्हतं. मामा म्हणाले, "तेव्हा मलाबी कुणीतरी असंच म्हटलं होतं, काढ पटकन."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, की चूक माझी होती. आणि मुलांनो, तुम्हालाही सांगते. मोठी माणसंसुद्धा घाईत चुकीचं सांगतात, मग ती बाई असो, काका असो नाहीतर साहेब असो. यंत्रात हात घालायला कोणीही सांगितलं, तरी "नाही" म्हणायचं. तो उद्धटपणा नव्हे.

कारखान्यात यंत्राची दुरुस्ती करण्याआधी वीज तोडतात, खटक्याला कुलूप लावतात आणि 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवतात. आज रात्री आईला किंवा बाबांना विचारा, त्यांच्याकडे हे कसं करतात. हिरवळीवरचं यंत्र लहान असलं, तरी नियम तोच. विजेचं असेल तर आधी पिन सॉकेटमधून काढायची. पेट्रोलचं असेल तर इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवायची. ढकलायचं असेल तर दांड्याजवळ कोणालाही उभं करायचं नाही, चाकांना दोन्ही बाजूंनी वीट लावायची आणि बोळा लाकडी काठीने काढायचा. हे सगळं मोठ्यांनी करायचं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे, की ढकलायचं यंत्रसुद्धा १२ वर्षांच्या आधी मुलांच्या हाती देऊ नये, आणि बसून चालवायचं यंत्र १६ वर्षांच्या आधी.

मग तुम्ही काय करायचं? पुष्कळ! गवत कापण्याआधी हिरवळीवरचे खडे, काड्या, बाटल्यांची झाकणं वेचायची. पट्टीने गवताची उंची मोजून वहीत लिहायची. यंत्र सुरू झालं की धाकट्या भावंडांना घेऊन लांब जायचं. आणि पायांत चप्पल नाही, बूट घालायचे.

दसऱ्याचं तेलपाणी

पालकहो, पुढचं काम तुमचं. पावसाळा संपतो आणि दसरा येतो. यंत्राचं तेलपाणी करायला याहून चांगला मुहूर्त नाही, कारण चार महिने ते सगळ्यात जास्त राबलेलं असतं.

पहिल्यांदा वर सांगितल्याप्रमाणे यंत्र निर्धोक करा. मग वाळलेलं गवत ब्रशने खरवडून काढा. गवताचा रस आणि ओल पात्यावर तशीच राहिली की लोखंडाला गंज चढतो. पातं कोरडं पुसून त्याच्यावर तेलाचा पातळ हात फिरवा. चाकांच्या आणि रुळाच्या बेअरिंगला ग्रीस द्या.

ढकलायच्या यंत्रात वरचं आणि खालचं पातं एकमेकांना जेमतेम लागलं पाहिजे. कागदाची पट्टी मध्ये धरून, हातमोजे घालून रूळ सावकाश फिरवा. कागद सगळीकडे स्वच्छ कापला गेला तर जुळणी बरोबर. चुरगळला तर बाजूचे स्क्रू थोडे फिरवावे लागतील किंवा धार लावावी लागेल. धार जाणकार कारागिराकडूनच लावून घ्या.

पंख्यासारख्या पात्याला दोन्ही टोकांना सारखीच धार लावावी लागते. खात्री करायची युक्ती सोपी आहे. काढलेलं पातं मधल्या भोकातून खिळ्याला अडकवा. ते आडवं राहिलं तर ठीक. एक बाजू खाली गेली तर ती जड आहे, तिकडचं थोडं घासावं लागेल. तोल बिघडलेलं पातं फिरलं की सगळं यंत्र थरथरतं.

पेट्रोलचं यंत्र असेल तर इंजिनचं तेल बदला आणि हवेची जाळी साफ करा. यंत्र बरेच दिवस वापरायचं नसेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका. जुन्या पेट्रोलचा चिकट थर साचतो आणि कार्बोरेटर अडतो. काढलेलं काळं तेल गटारात किंवा मातीत ओतू नका. इथलं गटाराचं पाणी शेवटी पवनेला नाहीतर इंद्रायणीला जातं. ते तेल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

थंडी आणि ऊन

दिवाळीनंतर थंडी पडली की हरळी सुस्तावते. तिला ऊब आवडते. तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी एकदा कापलं तरी पुरे.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. तेव्हा गवत थोडं उंच, ५ सेंटिमीटरपर्यंत राहू द्यावं. उंच पात्यांची सावली मातीवर पडते आणि ओल टिकते. पाणी द्यायचं तर सकाळी लवकर. पण किती? १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. हिरवळ टवटवीत ठेवायला कडक उन्हात आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. आमचा तुकडा १०० चौरस मीटरचा, म्हणजे आठवड्याला २५०० लिटर! १५ लिटरच्या हंड्याने मोजलं तर १६६ हंडे भरून वर थोडं उरतं.

आपल्या शहराचं बरंचसं पाणी पवना धरणातून नदीने येतं, रावेतला उचलतात आणि निगडीला शुद्ध करतात. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात एक दिवसाआड पाणी द्यायला सुरुवात झाली, हे तुमच्या आईला चांगलं आठवत असेल. तेव्हा पिण्याचं पाणी हिरवळीला घालायचं का? माझं उत्तर: नाही. ज्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करण्याची सोय आहे, तिथे ते पाणी बागेला द्यावं. जिथे नाही, तिथे हिरवळ पिवळी पडू द्यावी. घाबरू नका, हरळी मरत नाही, झोपते. जमिनीखालचं खोड जिवंत असतं. जूनचे पहिले दोन-चार पाऊस झाले की बघा कशी उठून बसते!

करून पाहा

हरळीची दोन सारखी पाती घ्या. एक धारदार कात्रीने कापा, दुसरं हाताने ओढून तोडा. दोन्ही टोकं भिंगातून पाहा आणि वहीत चित्र काढा. मग ती पाती कागदावर ठेवून दुपारी पुन्हा पाहा. कोणतं टोक आधी वाळलं?

गेल्या दसऱ्याला आमच्या मशीनलाही माळ मिळाली. आदल्या दिवशी मामांनी सगळं तेलपाणी केलं होतं. कुंकू लावायचा मान आम्ही त्याच मुलाला दिला, ज्याचं बोट वाचलं होतं. त्याने करंगळीने कुंकू उचललं, मशीनपर्यंत गेला आणि थांबला. मग मागे वळून म्हणाला, "बाई, चाकांना विटा लावल्यात ना?"

लावल्या होत्या. मामांनी, माझ्या आधीच.

तुमच्या सोसायटीत किंवा शाळेत यंत्राचं तेलपाणी कोण करतं, ते मला पत्राने जरूर कळवा. दसऱ्याच्या शुभेच्छा!

तुमच्या बाई